चावीवालीचं पत्र

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहोत.)

«बावधनच्या बाजूला आमची तीन विंगची, ७२ फ्लॅटची सोसायटी आहे. कॉर्पोरेशनचं पाणी येतं, पण पुरत नाही. दोन बोअर आहेत, एक २२० फूट आणि एक ३१० फूट. मार्च उजाडला की टँकर सुरू होतात, सध्या रोज चार. जानेवारीत शेजारच्या सोसायटीने साडेसहाशे फुटांची बोअर मारली आणि तेव्हापासून आमची मोटर चाळीस मिनिटांत कोरडी पडते. आता कमिटीतले बहुतेक जण म्हणतात, आपण सातशे फूट जाऊ. दोन वर्षांपासून मी सेक्रेटरी आहे. पाणी वाचावं म्हणून दुपारी आणि रात्री अकरा ते पाच व्हॉल्व्ह बंद ठेवते. तरी वापर कमी होत नाही. बी विंगमधले एक गृहस्थ दोन गाड्या पाइपने धुतात, तळमजल्यावरचे आजोबा बागेला मनसोक्त पाणी घालतात. बोललं की मीच वाईट. सी विंगमधली माझी जवळची मैत्रीणसुद्धा बोलेनाशी झाली आहे. लोकांना सामायिक गोष्टीची किंमतच नसते का? मीटर बसवावेत, दंड लावावा, नवी बोअर मारावी, की सरळ राजीनामा द्यावा? – चावीवाली»

प्रिय चावीवाली ताई,

सही वाचून हसू आलं. पुण्यात गल्लीचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला काय मान असतो आणि काय शिव्या मिळतात, ते दोन्ही एका शब्दात आलं की!

तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले. ‘लोक’ हा शब्द चौदा वेळा आला आहे, ‘लिटर’ एकदाही नाही. बोअर किती फूट, टँकर किती, मोटर किती मिनिटं, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. पण बहात्तर घरं मिळून दिवसाला किती पाणी वापरतात, हा आकडा पत्रात कुठेच नाही. तो तुमच्याकडे नसावा, आणि कुणाकडेच नसावा. मग भांडण गाडीवाल्याच्या पाइपाशी आणि आजोबांच्या जास्वंदीशी येऊन थांबतं, कारण डोळ्यांना दिसतं तेवढंच. फ्लशच्या टाकीतून रात्रभर भांड्यात झिरपणारं पाणी कुणाला दिसतं?

पण आधी व्हॉल्व्हबद्दल बोलू, कारण त्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

आमच्या कोथरूडच्या जुन्या वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत मीही एके काळी हेच केलं होतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पाणी वाचेल अशी माझी खात्री होती. झालं काय, तर प्रत्येक घरात एक निळा पिंप आला. मग दुसरा. मोरीत बादल्या, ओट्याखाली कळशी, बाल्कनीत टब. आणि सकाळी पाणी आलं की पहिलं काम कोणतं? कालचं ‘शिळं’ पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. माझ्याच सासूबाई अर्धा पिंप मोरीत रिकामा करायच्या, आणि मी, सेक्रेटरी, मागे उभी राहून बघत असायचे. त्यांना बोलायची माझी हिंमत नव्हती. तुम्ही निदान बोलता तरी. त्यात कुणीतरी नळ उघडा ठेवून झोपायचं आणि पाणी आलं की बादली भरून वाहायची.

तेव्हा सासूबाई उधळपट्टी करत होत्या असं आज मला वाटत नाही. पाणी कधी जाईल याचा भरवसा नसला की माणूस साठवतो. धान्य असो, गॅस असो, पाणी असो. तुमच्या बहात्तर घरांत सध्या किती पिंप आहेत ते एकदा बघा. ‘वापर कमी होत नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. मला शंका आहे की व्हॉल्व्हमुळे तो थोडा वाढलाच असेल. खात्रीने सांगता येणार नाही, कारण पुन्हा तेच: मोजलेलं नाही.

तर मोजायचं कसं? प्रत्येक फ्लॅटला मीटर हा विचार चांगला आहे, पण तुमच्या इमारतीला तो झेपेल का ते प्लंबरला घेऊन गच्चीवर जाऊन बघा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत एका घरात स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासची वेगळी उतरते. म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर. बहात्तर घरांचा हिशेब ऐकून सर्वसाधारण सभा तिथेच संपेल. त्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीतून विंगला जो मुख्य पाइप उतरतो त्यावर एक, असे तीन विंगचे तीन मीटर बसवा. बोअरच्या दोन पाइपांवर दोन. टँकर मोजलेलेच आहेत. कॉर्पोरेशनचं पाणी जमिनीखालच्या टाकीत किती पडतं, ते पट्टी रंगवून मोजता येईल. इतक्यावर पहिलं वर्ष निभतं.

मग एक रात्र व्हॉल्व्ह बंद करू नका. मुद्दाम उघडा ठेवा, आणि रात्री दोन ते चार मीटरकडे बघा. त्या वेळात माणसं झोपलेली असतात. तरी काटा फिरत असेल तर ते गळतीचं पाणी. दोन मिनिटांत एक लिटर, इतकी बारीक धार धरली तरी दिवसाचे ७२० लिटर होतात. अशी दहा घरं असली तर सात हजार दोनशे लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ पाऊण भाग. कोणाचा फ्लश गळतो ते शोधायला चिमूटभर खायचा रंग टाकीत टाकायचा आणि पंधरा मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. हे काम शाळेच्या मुलांना द्या. घरोघरी जाऊन रंग टाकण्यात त्यांना जी मजा येते ती कमिटीच्या नोटिशीत नाही, आणि मुलांसाठी दार सगळे उघडतात.

तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. तुमच्याकडे साडेतीनशे माणसं असतील तर साधारण ४७ हजार लिटर झाले. मीटर याच्या आसपास दाखवत असेल तर लोकांना उधळे म्हणणं सोडून द्यावं लागेल. पासष्ट हजार दाखवत असेल तर मधले अठरा हजार कुठे जातात ते शोधू.

हा आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज खडूने लिहा: ए, बी, सी, टँकर, बोअर. खाली कुणाचं नाव नको. जुन्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं आणि ते पेठांमधल्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून जिभेवर आहेत. हौदावर कळशी घेऊन गेलेल्या बाईला पाणी किती खाली गेलंय ते दिसायचं, आणि शेजारीण किती भरते तेही. बोअरमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दोनशे फूट खाली काय चाललंय ते मोटर खडखडली की कळतं. तुमचा फळा म्हणजे हौदाचा काठ समजा.

आता सातशे फुटांकडे वळू.

पुण्याखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. या दगडात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे भरलेलं नसतं. ते वरच्या कुजलेल्या मुरमाड भागात असतं, भेगांत असतं, दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतं. भेग लागली तर शंभर फुटांवर पाणी, नाही लागली तर सहाशे फुटांवरही नुसता धुरळा. जितकं खोल तितकं जास्त पाणी, हे गणित आपल्याकडे चालत नाही. (पाणाड्या तळहातावर नारळ धरून फिरतो तेव्हा तो कुठे थांबतो ते बघून कमिटीतले इंजिनिअरसुद्धा श्वास रोखतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. नारळ उभा राहिला. पाणी लागलं नाही. नारळाची चटणी केली.)

खोल बोअरचं आणखी एक आहे. भोक ढासळू नये म्हणून घालतात तो केसिंग पाइप वरच्या ठिसूळ मातीपुरताच असतो. खाली उघडं भोक. त्यामुळे वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत उतरू शकतं. म्हणजे सातशे फूट जाण्याच्या नादात तुमच्याच २२० फुटांच्या बोअरचं पाणी तुम्ही खाली सांडून बसाल. शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल गेलेली विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते आणि अशा विहिरींसाठी कायद्यात बंधनं आहेत. बोअरवाला ‘त्याचं मी बघतो’ म्हणेल. त्याला बघू देऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. कमिटीतल्या दोघांनी जाऊन तुमच्या जागेबद्दल लेखी विचारून यावं.

आणि शेजाऱ्यांचं म्हणाल तर, त्यांच्या बोअरमुळेच तुमची आटली, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. असेलही. पण आपल्याकडे बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, आणि जमिनीखालच्या उथळ थरातल्या पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर तशीही उतरत जाते. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही. हे तपासता येतं, आणि फारशा खर्चाशिवाय. शेजारच्या सेक्रेटरींना सांगा: ‘एक दिवस तुमची मोटर पूर्ण बंद ठेवा, त्या दिवसाचा टँकर आमच्याकडून.’ मग तुमच्या सोसायटीची मोटर त्या दिवशी किती मिनिटं चालते ते बघा. चाळीसची सत्तर झाली तर दोन्ही बोअर एकाच भेगेवर जगताहेत. चाळीसची चाळीसच राहिली तर शेजाऱ्यांवरचा राग सोडून द्या, मनाला तेवढंच हलकं.

एकच भेग निघाली तर माझ्या मते ती चांगलीच बातमी. मग ते सातशे, तुम्ही आठशे, अशा शर्यतीत दोघांचेही पैसे दगडात जाणार, हे दोघांनाही दिसेल. एकाच वेळी दोन्ही मोटरी चालल्या तर दोन्हीकडची पातळी झपाट्याने खाली जाते. वेळा वाटून घ्या, त्यांनी सकाळी, तुम्ही दुपारी, मध्ये बोअरला सावरायला चार तास. दोन वर्षं कुणी नवी बोअर मारायची नाही, असं एका कागदावर लिहून दोन्ही सेक्रेटरींनी सह्या करा. कायद्यात त्या कागदाला किती वजन आहे ते सोडा. सोसायट्यांमध्ये लिहिलेलं पाळलं जातं, निदान पुढची कमिटी येईपर्यंत.

‘लोकांना सामायिक गोष्टीची किंमतच नसते का?’ हा तुमचा प्रश्न मला टोचला. पुण्यापासून फार लांब नाही, पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणसं तीच, तुमच्याआमच्यासारखी, आणि पाणी तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. त्यांनी नियम केला की पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की नियम वापरणाऱ्यांनी स्वतः बसून मान्य केले, आणि पाणी मिळण्याआधी त्यांनी आपला वाटा पदरचा घातला.

तुमच्याकडे टँकरचा खर्च कसा वाटता? पत्रात नाही, पण पैज लावते, फ्लॅटमागे सारखा. म्हणजे एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका आणि सहा माणसांचं कुटुंब एकच रक्कम भरतात. गंमत म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायला सांगितली आहे. माझ्या पाहण्यातल्या किती सोसायट्यांत हे पाळतात म्हणाल, तर एकाही नाही. तेव्हा सभेत हा विषय मांडा: माणशी अमुक लिटरपर्यंत नेहमीच्या मेंटेनन्समध्ये, विंगचा वापर त्यावर गेला तर वरचा टँकर त्या विंगने वाटून घ्यायचा. हा नियम तुम्ही लिहून नेऊ नका. आकडे न्या, नियम त्यांना करू द्या. तीन विंगची आपसात थोडी खुन्नस होईल. होऊ द्या, गणपतीत होतेच ना.

आता पुनर्भरण, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत, बोअरमध्ये सोडणं. तुमच्या तिन्ही गच्च्या मिळून बाराशे चौरस मीटर धरू. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आठ लाख चाळीस हजार लिटर, आणि वाया जाणारं वगळून पावणेसात लाख हाताशी. दहा हजारांचे ६७ टँकर. ऐकायला भरपूर वाटतं, पण रोज चार टँकरच्या हिशेबाने ही सतरा दिवसांची बेगमी. आणि जमिनीत सोडलेलं पाणी तुमच्या कंपाउंडखाली थांबून राहत नाही, उताराकडे सरकतं. काही रामनदीकडे, काही शेजाऱ्यांच्या बोअरकडे. तरीही करा, मे महिन्यातच करा. महापालिका मिळकतकरात सवलतही देते. फक्त ‘एकदा पुनर्भरण केलं की टँकर बंद’ असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून परत पाठवा.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. बोअरमध्ये सोडायचं ते गच्चीचं, गाळून आणि पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून देऊन. पार्किंगचं, रस्त्याचं, ड्रेनेजच्या चेंबरजवळचं पाणी अजिबात नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांची नजर आधी पाण्याकडे गेली, ते विसरू नका. बोअर आणि टँकर दोन्हींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासा, टाकीतल्या क्लोरिनची नोंद वॉचमनकाकांच्या वहीत रोज.

गाडीवाले आणि आजोबा? त्यांना दंड नको. निदान आत्ता नको. पाण्यासाठी पाच जणांची वेगळी समिती करा आणि गाडीवाल्यांना तिच्यात घ्या. रोज सकाळी मीटर वाचून फळ्यावर आकडा लिहायचं काम त्यांचं. स्वतः आकडा लिहिणारा माणूस त्याच फळ्यासमोर पाइप लावून उभा राहत नाही. राहिलाच तर मग सभेने ठरवलेली रक्कम, आधी शंभर, मग पाचशे, आणि तेही सभेने, तुम्ही नाही. कुणाचंही पाणी तोडण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या घरात म्हातारं माणूस असतं, तान्हं मूल असतं.

आजोबांच्या बागेला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी पुरेल. वरच्या चार घरांनी सकाळी एकेक बादली खाली आणून दिली तर आजोबांना गप्पांनाही माणूस मिळेल. आरओचं टाकाऊ पाणी झाडांना नको, त्यात क्षार फार; ते फरशी पुसायला.

राहिला राजीनामा. द्यावासा वाटला तर द्या, दोन वर्षं कमी नाहीत, आणि सेक्रेटरीपद काही जन्मठेप नव्हे. पण मला वाटतं तुम्हाला पदापेक्षा चावीचा वीट आला आहे. रात्री अकराला खाली उतरायचं, वर खिडक्यांतून कुणी बघतंय का याची धास्ती, पहाटे पाचला परत. ती चावी समितीच्या पाच जणांकडे फिरती ठेवा. महिन्याभरात आकडे हाताशी आले की व्हॉल्व्ह बंद ठेवायचा का, यावर बसून ठरवा. माझा कौल माहीतच आहे: उघडा ठेवा आणि पिंप रिकामे होऊ द्या.

आणि या सगळ्याच्या आधी सी विंगला जा, मैत्रिणीकडे. तिच्या घरी कुणी आजारी होतं का, पाहुणे होते का, दुपारी नळ कोरडा असताना तिच्यावर कधी काय वेळ आली होती, हे तुम्ही विचारलं नसावं. पत्रात तरी नाही. समजूत घालू नका, ऐकून घ्या. मग रात्री दोनला मीटर बघायला सोबत कोण येणार म्हणून तिलाच विचारा. गच्चीवर एप्रिलातही त्या वेळी बरा वारा असतो. टॉर्च आणि थर्मासमध्ये चहा न्या.

तुमची,
सदरवाली